गळतीखालचा समुद्र

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या हायस्कुलात समुद्र आला, तेव्हा त्याला बघायला निम्मं गाव लोटलं होतं.

समुद्र म्हणजे काय, तर लोखंडी चौकटीत बसवलेल्या काचा, सांध्यांना डांबर, आणि वर्गातल्या बाकाएवढी लांबी. पण आतलं पाणी मात्र शंभर नंबरी खरं, सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावरचं. शास्त्राचे शांतीलाल सर मूळचे सुरतेचे. नाताळच्या सुट्टीत ते घरी गेले आणि येताना वेताच्या टोपल्यांत बसवलेले काचेचे मोठे बुधले भरून पाणी घेऊन आले. नंदुरबारपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं, तापीतून नावेनं आणि शेवटी पोरांच्या डोक्यावरून. त्याच्याबरोबर ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या डब्यांतून शंखात राहणारे खेकडे आले, आणि बोटाएवढ्या निवट्या आल्या. निवटी म्हणजे डोळे वटारून दगडावर चढून बसणारा मासा. सव्वीस जानेवारीला शाळेत प्रदर्शन होतं, धुळ्याहून दिपोटी साहेब तपासायला येणार होते, आणि सबंध पश्चिम खानदेशात दुसऱ्या कुठल्या शाळेकडे समुद्र नव्हता.

त्या समुद्राची मालकीण झाली नववीतली वत्सला.

दिवाळीपर्यंत ही पोरगी खाली मान घालून शाळेत यायची आणि खाली मान घालून घरी जायची. मग शास्त्राच्या चाचणीत तिचा पहिला नंबर आला आणि मान जी वर झाली ती झालीच. आता ती फळ्याजवळ उभी राहून बोलू लागली की शेवटच्या बाकावरचेही जागे व्हायचे. तिची आई नर्मदाबाई शेजारणींना म्हणायची, "मन्ही पोरना तोंडले आते कुलूपच नही." म्हणायची तक्रारीच्या सुरात, पण सांगायची मात्र सगळ्या आळीला.

हौद भरून आठवडाही झाला नव्हता, तोच सरांना शिक्षकांच्या शिबिरासाठी धुळ्याला जायचं निघालं. जाताना त्यांनी वर्गासमोर कामं वाटून दिली. गावात वीज नव्हती, म्हणून हौदात हवा सोडायला ट्रकची जुनी ट्यूब होती. ती सायकलच्या पंपानं फुगवायची आणि तिच्यातली हवा बारीक रबरी नळीनं पाण्यात बुडबुडत राहायची. ते काम वर्गातल्या रूपचंदकडं. "आणि पाणी वत्सला सांभाळेल," सर म्हणाले. "प्रयोगशाळाही तिच्याच ताब्यात."

हेडमास्तर दारातच उभे होते. "मुलीच्या ताब्यात प्रयोगशाळा?" ते म्हणाले. "बघा हं सर. प्रदर्शनाच्या आधी प्राणी मेले तर साहेबांपुढं शोभा होईल. मग हौद मोडायचा, आणि पुन्हा कुठल्या मुलीकडं प्रयोगशाळा द्यायची नाही."

वत्सलाचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

सरांनी तिला हौदापाशी बोलावलं. "पाणी स्वच्छ ठेव. तांब्या-पितळेचं भांडं त्यात बुडवू नकोस, तांब्याच्या अंशानंही खेकडे दगावतात. आणि मुख्य म्हणजे आम्ल वाढू देऊ नकोस. हौद नवा आहे. प्राणी खाणार, घाण करणार, त्यातून आम्ल होणार. समुद्राच्या पाण्यात ते आम्ल गिळून टाकणारा खार असतो. त्या साठ्याला अल्कता म्हणायचं."

"आणि ते पीएच, सर?"

"पीएच म्हणजे आज चुलीवर काय शिजलंय ते. लिटमसचा कागद तेवढंच सांगतो. कणगीत दाणे किती उरलेत, ते त्याला कळत नाही. अल्कता म्हणजे कणगी."

"मग कणगीत वाकून बघायचं कसं?"

सर हसले. "वाटीत थोडं पाणी घे. त्यात जास्वंदीचा रस टाक, रस हिरवट होईल. मग पातळ केलेलं लिंबू थेंब थेंब सोड. जोवर खार आहे तोवर पाणी लिंबू पचवत राहील. खार संपला की रस गुलाबी. लवकर गुलाबी झाला तर समज, कणगी रिकामी."

वत्सलानं ते गाण्यासारखं पाठ केलं. सर गेले आणि दुसऱ्याच दिवशी हौद गढूळला. पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसू लागलं. पलीकडचा खेकडाही धड दिसेना. रूपचंद पंप मारता मारता म्हणाला, "वच्छे, समिंदर शे का ताक शे वं हाई?"

आता तापीकाठच्या पोरीला 'पाणी स्वच्छ ठेव' म्हटल्यावर तिचा हात कशाकडं जाईल? तापीला लाल पूर आला की प्रकाशातल्या घराघरांत माठाशेजारी दोरीला बांधलेली तुरटी लोंबायची. किती वेढे फिरवायचे, कधी थांबायचं, हे पोरींना परकर नेसायच्या आधी यायचं. आणि वत्सलाचं निवळलेलं पाणी तर आळीत नावाजलेलं. ती मधल्या सुट्टीत घरी पळाली, तुरटीचा खडा आणला आणि हौदात असा झोकात फिरवला, की बघणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत सगळा गढूळपणा पांढऱ्या कापसासारखा तळाशी बसला. वरचं पाणी आरशासारखं. हेडमास्तरसुद्धा वाकून बघून गेले आणि "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडचं 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा हार-तुरा. वत्सला घरी गेली ती चालत नव्हे, तरंगत.

सकाळी ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा रूपचंद हौदाच्या काचेला नाक लावून बसला होता. "वच्छे," तो म्हणाला, "तुन्हा खेकडानी धोतर सोडी दिधं वं!"

वत्सला हसत पुढं गेली आणि तिचं हसू तिथंच विरलं. सगळ्यांत मोठा खेकडा शंखाबाहेर होता. या खेकड्याचं मागचं अंग लुसलुशीत असतं, कवच नसतं, म्हणून तर तो दुसऱ्याचा शंख घालून फिरतो. शंख सोडणं म्हणजे जिवावरचंच संकट. बाकीचे खेकडे दगडाच्या टोकावर, पाण्याबाहेर चढून एकमेकांना चिकटले होते. निवट्या अंगावर चिकट पांघरूण आल्यासारख्या मलूल पडल्या होत्या. आणि पाणी? पाणी अजून आरशासारखं.

"मरी जातीन का?" रूपचंदचा आवाज एकदम लहान झाला.

"थांब," वत्सला म्हणाली. तिचे हात कामाला लागले होते. कोपऱ्यात एका बुधल्यात सरांनी राखून ठेवलेलं समुद्राचं पाणी होतं. तिनं त्यात लाल लिटमस बुडवला, तो निळा झाला. दुसरा हौदात बुडवला. तो लालच्या लालच.

म्हणजे चुलीवरचं बिघडलं होतं. आता कणगी. तिनं शाळेच्या कुंपणावरची जास्वंद आणली, खलात ठेचली आणि एका वाटीत बुधल्यातलं, दुसऱ्या वाटीत हौदातलं पाणी घेऊन रस टाकला. बुधल्याच्या वाटीत लिंबाचे थेंब पडत राहिले, पडत राहिले. रूपचंद मोजता मोजता कंटाळला, तेव्हा कुठं ती गुलाबी झाली. हौदाची वाटी मात्र दोन-चार थेंबांतच लाजून गुलाबी.

"कणगी रिकामी," वत्सला पुटपुटली. "पण एका रात्रीत कशी? एवढेसे खेकडे एवढं आम्ल करतील होय?" तिची नजर खिडकीत ठेवलेल्या खड्यावर गेली. तिनं तिसऱ्या वाटीत साधं पाणी घेतलं, जास्वंद टाकली आणि तुरटी फिरवली. रस गुलाबी नाही, चक्क लालबुंद झाला. तुरटी आम्ल होती! आणि हौदातला सगळा खार त्या आम्लाला विझवण्यात खर्ची पडला होता. तळाशी बसलेल्या त्या सुंदर पांढऱ्या कापसावर तिनं कालभर मिरवून घेतलं होतं.

रूपचंदला कळलं तेव्हा तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "सरसले सांगू नको. पानीच खराब व्हतं म्हनी सांग. मी बी सांगस."

"कसाले? तुरटी मन्हाच हातनी पडनी," वत्सला म्हणाली. "आते मन्हाच हातनी निंघी. तू पंप मार."

रबरी नळी तोंडानं ओढून तिनं तळाचा सगळा पांढरा गाळ बाहेर काढला, खारट चूळ थुंकली, आणि बुधल्यातलं राखीव पाणी थोडं थोडं करून हौदात सोडलं. पण ते जेमतेम गाळाची जागा भरण्याइतकंच. कणगी भरायला खार हवा होता.

मधल्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा नर्मदाबाई भाकरी थापत होती.

"आई, खायचा सोडा दे."

"भजा करना शेतस का शाळामा?"

"भजी नाही गं. समुद्राला आम्लपित्त झालंय."

नर्मदाबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि भाकरी तव्यावर तशीच ठेवून उठली. फळीवरून तिनं सोड्याची पुडी काढलीच, शिवाय पापडखाराची बरणीही पुढं केली. "सोडापेक्षा पापडखार जोरना शे. हाई ली जाय."

वत्सलानं चुलीपाशीच दोन वाट्या मांडल्या. जास्वंदीचा रस ती आता कुपीत घेऊनच हिंडत होती. पापडखार पडताच रस भडक हिरवा होऊन पिवळटला. सोड्यानं तो नुसता निळसर-हिरवा झाला, अगदी समुद्राच्या पाण्यात झाला होता तसा. "जोरना नको आई," ती म्हणाली. "माले नरमच पाहिजे."

"इतलं कधी शिकनी वं तू?" नर्मदाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली आणि ती त्या दिवशी पहिल्यांदाच करपल्याबद्दल काही बोलली नाही.

शाळेत रूपचंदनं पुडी पाहिली. "मूठभर टाक नं एकदम. लवकर बरं व्हई."

"उपाशी माणसाला एकदम पुरणपोळीच्या पंगतीला बसवशील?" वत्सला म्हणाली. "एकदम पालटलं तर आहेत तेही मरतील. हळूहळू द्यायचं. थेंब थेंब."

सोडा पाण्यात विरघळवून ती चमच्यानं थेंब सोडू लागली. हात भरून आला. तास झाला, घंटा झाली, भूगोलाचे मास्तर हाका मारू लागले. असं ती दोन दिवस उभी कशी राहणार? चमचा रूपचंदला दिला तर तो तीन थेंबांनंतर धारच सोडायचा. न थकता, न चुकता, एकसारखा थेंब कोण सोडत राहील?

आणि तिला आठवली गळती. केदारेश्वराच्या पिंडीवर टांगलेलं, बुडाशी बारीक भोक असलेलं भांडं. त्यातून देवावर रात्रंदिवस थेंब पडत राहतो.

शाळा सुटताच ती तडक देवळात गेली. दोधूबाबा गुरव सभामंडप झाडत होते.

"बाबा, एक गळती द्या ना. परदर्शनपावत."

"कोनता देवले?"

"खेकडासले."

दोधूबाबांचा झाडू थांबला. "देवनी गळती खेकडासले? पोरी, शाळामा हाईच शिकाडतस का?"

"बाबा, ते समिंदरनं पानी शे. आपली तापीमाय जठे जाईसन मिळस, तठलं. ते पानी आजारी शे. तुमी तापीले रोज फुलं वाहतस, आनि तिना सासरनं पानी आठे आपला गावमा तडफडस, त्याले थेंब देवाले नही म्हनतस?"

बाबा बघतच राहिले. या गुजरांच्या पोरीनं आजवर त्यांच्याशी प्रसादापुरतंच तोंड उघडलं होतं. ते आत गेले आणि जुनी पण घासून लखलखीत केलेली गळती घेऊन आले. "ले. मन्हा बापना हातनी शे."

वत्सलानं हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला. गळती तांब्याची होती.

"बाबा... तांबानी नको."

"काय?" बाबा भडकले. "देवले चालस, आनि तुन्हा खेकडासले नही चालत?"

"देव पचाडी लेस बाबा. खेकडा मरी जातीन."

बाबांनी डोळे मोठे केले. रागावावं की काय, ते त्यांना क्षणभर ठरवता येईना. मग त्यांचं पोट हलू लागलं आणि सगळा सभामंडप त्यांच्या हसण्यानं घुमला. "देव पचाडी लेस! आईक रे महादेवा!" हसत हसतच त्यांनी माळ्यावरून एक मातीचं मडकं काढलं. वैशाखात पिंडीवर टांगायचं, बुडाला भोक, भोकात सुताची वात. "हाई चाली का तुन्हा राजासले?"

"हाईच!" म्हणून वत्सलानं मडकं छातीशी धरलं आणि पळत सुटली.

रूपचंदनं तीन बांबूंचं तिकाटणं बांधून दिलं. मडकं हौदावर टांगलं गेलं. वत्सलानं वात ओढून, दाबून, पुन्हा ओढून थेंब असा बसवला, की एक पाण्यात पडून त्याचं वर्तुळ विरावं, मग दुसरा यावा. शेजारी पंप सूं-सूं करत होता. दर तासाला येऊन ती लिंबाची वाटी करायची. वाटी थोडी उशिरा गुलाबी होऊ लागली. आणखी उशिरा. दुसऱ्या दिवशी लाल लिटमस कडेनं जांभळट झाला, आणि तिसऱ्या प्रहरी, गणिताचा तास चुकवून बसलेल्या वत्सलाच्या डोळ्यांदेखत, निळा.

मोठा खेकडा त्या वेळी आपल्या शंखापाशी आला. त्यानं तो पायांनी फिरवून पाहिला, त्याच्या तोंडात नांगी घालून आत कुणी आहे का ते चाचपलं आणि गिरकी घेऊन मागच्या मागं असा आत बसला, की जणू चहा प्यायला जरा बाहेर गेला होता.

"रूपचंद!" वत्सला ओरडली. तो आवाज गणिताच्या वर्गापर्यंत गेला. दोघांनाही छडी मिळाली आणि दोघंही छडी खाताना हसत होते.

सर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आले. दारातच थबकले. "हे काय? माझ्या हौदाची पिंडी केलीस?"

वत्सलानं पहिल्या शब्दापासून सांगितलं. तुरटीचं तर सगळ्यांत आधी. सर ऐकत गेले, मग स्वतःच एक वाटी घेऊन लिंबाचे थेंब सोडत बसले. वाटी बराच वेळ हिरवट राहिली. "सुरतेत आमच्याकडं नळ," ते म्हणाले. "पाणी स्वच्छ ठेव म्हटल्यावर कुणी तुरटी फिरवेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. हे मडकं काढू नकोस. उद्या असंच राहू दे."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर दिपोटी साहेब हौदापाशी आले. हेडमास्तरांनी घसा साफ केला. "हा आमच्या शांतीलाल सरांनी..."

"हो, पण नव्या हौदात अल्कता टिकवली कशी?" साहेबांनी मधेच विचारलं.

हेडमास्तरांनी सरांकडं पाहिलं. सरांनी वत्सलाकडं पाहिलं. आणि वत्सला पुढं आली. कणगी, लिंबू, सोडा, मातीची गळती, सगळं तिनं पुस्तकी मराठीत, न अडखळता सांगितलं. तुरटीचं आलं तेव्हा हेडमास्तरांचा चेहरा पडला, पण तिनं तेही गाळलं नाही.

"म्हणजे बाई, बिघडवलंत तुम्ही आणि सुधारलंतही तुम्हीच?" साहेबांनी भुवई उंचावली.

"हो साहेब. बिघडलं नसतं तर कणगीचं मला नुसतं पाठ असतं. आता येतं."

साहेबांनी कोटाच्या बाह्या मागं सारल्या आणि म्हणाले, "द्या ती वाटी. मला करून बघू द्या." त्यांनी एकदम जास्त लिंबू पिळलं, तेव्हा वत्सला सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, हळू!" हेडमास्तरांनी डोळेच मिटून घेतले. साहेब मात्र हसले आणि पुन्हा पहिल्यापासून थेंब मोजू लागले.

जाताना साहेब हेडमास्तरांशी काही बोलले. साहेबांची गाडी धुरळा उडवत गेल्यावर हेडमास्तर परत आले आणि हौदाकडं बघत, वत्सलाकडं न बघता म्हणाले, "सर, जूनपासून आठवीतल्या दोन-तीन मुली हिच्या हाताखाली द्या. हिची दहावी आली की प्रयोगशाळा सांभाळायला कुणीतरी शिकलेली हवी."

वत्सलानं "हो सर" म्हटलं. एरवी बडबडणाऱ्या पोरीला त्या वेळी तेवढंच सुचलं.

दुपारी लोकांसाठी दार उघडलं. शेतातून उसाच्या मोळ्या टाकून माणसं आली, देवळाला आलेले यात्रेकरू आले, मोलगीकडून खाली मजुरीला आलेली डोंगरातली कुटुंबं पोरं कडेवर घेऊन आली. नर्मदाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं होती, आणि दोधूबाबा भेटेल त्याला सांगत होते, "वरनी गळती मन्ही शे."

वत्सलाची पुस्तकी मराठी ऐकून बाया एकमेकींकडं बघू लागल्या. तिच्या ते लक्षात आलं. तिनं पदर खोचला, बाकावर चढली आणि घरच्या बोलीत सुरू झाली. "देखा, हाई समिंदरनं पानी. आनि हाऊ खेकडा. यानी आपलं घर सोडी दिधं व्हतं, कारन मीच याना पानीमा तुरटी फिराई दिधी..."

सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "मंग? तुरटी तं फिरावतसच!"

"हां!" वत्सला म्हणाली. "तठेच तं गंमत शे. जरा बाजूले सरका. मांगला लोकसलेबी दिसू द्या. धनुमावशी, पोरले उचला वर. आते मी लिंबू सोडस, रंगवर नजर ठेवा..."

आणि तिनं पहिला थेंब सोडला.